रकान्यातलं ‘नाही’

आधी शांतवन साळवे यांचं नाव लिहितो, मग बाकीचं. दिवाळी अंकासाठी कारखान्यातल्या नोकरीचे अनुभव लिहून द्या, असं सांगणं आलं, तेव्हा मी दोन दिवस नुसता कागद पुढ्यात घेऊन बसलो. लिहायला घेतलं की सुरुवात माझ्यापासून व्हायची, आणि ते खरं नव्हतं. माझी नगरमधली सुरुवात शांतवनमामांपासून झाली. ते आमच्या कारखान्यात प्रेस शॉपला ऑपरेटर होते. भिंगारला त्यांचं दोन खोल्यांचं घर, घरात मार्थामामी. ही दोन माणसं भेटली नसती तर मी पहिल्याच आठवड्यात परतीच्या गाडीत बसलो असतो.

मी गोंदिया जिल्ह्यातला, नवेगावच्या तलावाकडचा. नववीत शाळा सुटली. गावचा एक जण नगरच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे होता, त्याच्या भरवशावर कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीत बसलो आणि दुसऱ्या दिवशी नगरला उतरलो. तेव्हा अहमदनगर, आता अहिल्यानगर; बोलताना आम्ही आजही नगरच म्हणतो. उतरलो तर कळलं, तो गाववाला आठ दिवसांपूर्वीच काम सोडून सुरतेला गेला. मी कारखान्याच्या गेटाजवळच्या कट्ट्यावर बॅग मांडीवर घेऊन बसलो. दुपारची पाळी सुटली तेव्हा एक उंच माणूस सायकल हातात धरून समोर थांबला.

“कोण गाव?” त्यांनी विचारलं. आवाज एवढा मोठा की वॉचमनही वळला.

मी खाली मान घालून सांगितलं.

“खाली मान घालून बोलू नको. वर बघून बोल.”

मी वर बघितलं आणि पुन्हा सांगितलं. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. “कामाला आलास?”

“हो जी.”

ते हसले. आमच्याकडे मोठ्या माणसाला ‘हो जी’ म्हणतात, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण नगरमध्ये ते कुणी म्हणत नाही. त्या दिवसापासून माझं नाव होजी पडलं. खेमराज हे माझं खरं नाव फक्त मस्टरवर उरलं.

मामांनी मला घरी नेलं. मामींनी भाकरी वाढली. मी चतकोर खाऊन थांबलो, तेव्हा त्यांनी विचारलं, “का रे, भात लागतो का तुला?” मी हो म्हणालो आणि मला रडू आलं. तेव्हापासून दर रविवारी, दोघं चर्चमधल्या उपासनेहून आली की, त्या घरी माझ्यापुरता वेगळा भात शिजायचा. मामांनी ठेकेदाराला सांगून मला प्रेस शॉपला, त्यांच्या शेजारच्याच प्रेसवर, हेल्पर म्हणून लावलं. मला वाटायचं, हे तात्पुरतं आहे, कधीही हाकलून देतील. पुढं कितीतरी वर्षं माझी बॅग खाटेखाली भरलेलीच असायची. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की माझं पहिलं लक्ष त्या बॅगेकडं जायचं. अजूनही जातं, फक्त आता बॅग रिकामी आहे.

ज्यांनी प्रेस शॉप बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्र्याच्या पट्टीवर वरून साचा आदळतो आणि हवा तो आकार कापून खाली पडतो. एक प्रेस चालू असला तरी शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. आमच्या शेडमध्ये वीसएक प्रेस होते. कानात घालायला रबरी बोळे मिळायचे, पण जुने ऑपरेटर ते खिशातच ठेवायचे. त्यांचं म्हणणं, बोळे घातले की प्रेसचा आवाज बदललेला कळत नाही, आणि आवाज बदलला म्हणजे साचा तुटायला आला.

त्यामुळं तिथं तोंडानं कुणी बोलतच नसे. सगळं हातानं. मूठ ओठाशी नेली की चहा. कपाळावर आडवा हात म्हणजे साहेब आले. मनगटाभोवती बोट फिरवलं की आज ओव्हरटाइम. राहुरीच्या, श्रीगोंद्याच्या, देवळालीच्या माणसांच्या बोलण्यात थोडाथोडा फरक असतो, पण हातांची बोली सगळ्यांची एकच होती. माझ्या ‘हो जी’ला तिथं कुणी हसत नव्हतं, कारण ऐकूच येत नव्हतं. मला ते शेड फार आवडायचं.

त्या बोलीतली एक खूण इथं सांगायला हवी. दोन प्रेसच्या मधे एक टेबल असायचं आणि बिघडलेले पीस त्या टेबलावर पडायचे. पाळी संपायच्या आधी इन्स्पेक्टर यायचा आणि एकेक पीस उचलून दोघांकडं बघायचा. ज्याच्या हातून बिघडला त्यानं तो पीस घ्यायचा आणि छातीवर धरायचा. म्हणजे ‘पीस माझा’. इन्स्पेक्टर वहीत लिहायचा, विषय संपला. कुणी छातीवर धरला नाही तर दोघांच्या नावावर. यात एक कडक रीत होती: दुसऱ्याचा पीस आपल्या छातीवर धरायचा नाही. त्यानं शिकणाऱ्याचं वाटोळं होतं, असं जुने लोक म्हणायचे.

पहिल्या महिन्यात मी पट्टी वाकडी सरकवली आणि एका पाळीत सात पीस घालवले. हेल्परनं एवढे घालवले की ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटात घेत नसे. इन्स्पेक्टर आला. मी हात पुढं करायच्या आत मामांनी त्यातले पाच उचलून स्वतःच्या छातीवर धरले. पाळी सुटल्यावर मी सॉरी म्हणालो, अर्थात खाली मान घालून.

“काय म्हणतोस? वर बघून बोल, लेका!”

हे ‘वर बघून बोल’ मामांनी मला हजारदा सांगितलं असेल. मला वाटायचं, ते मला धीट करताहेत. परगावी आलेल्या पोरानं मान ताठ ठेवावी म्हणून सांगताहेत. आणि खरंच माझी मान त्यानंच ताठ झाली. त्या वाक्यामागं आणखी काही असेल हे मला फार उशिरा कळलं.

माझं अक्षर बरं आहे. शाळेनं दिलेली तेवढीच एक गोष्ट टिकली. त्यामुळं वर्षभरानं मला टाइम ऑफिसमध्ये घेतलं. टाइम ऑफिस म्हणजे हजेरी, रजा, पाळ्या, गणवेश, बूट, विम्याचे फॉर्म. आता त्याला एचआर म्हणतात आणि तिथं संगणक आहेत, पण कामगार अजूनही टाइम ऑफिसच म्हणतो.

तिथं आल्यावर थोड्याच दिवसांत श्रीगोंद्याकडचा एक माणूस भरतीला आला. एक पाय पोलिओनं बारीक झालेला. काम होतं बसून पीस मोजण्या-तपासण्याचं. चाचणीत तो पहिला आला. मग मी त्याचा फॉर्म भरला. त्यात एक रकाना होता: ‘शारीरिक व्यंग अथवा दोष आहे काय?’ त्यानं खरं सांगितलं, मी ‘हो’ लिहिलं. तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी फॉर्म बघितला आणि म्हणाले, “रकाना वाचलास ना? पाठव परत.” चाचणीचे गुण त्यांनी बघितलेच नाहीत. गेटापर्यंत सोडायला मीच गेलो. त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली आणि मला विचारलं, “दादा, तुमी न्हाई लिवलं आस्तं तर?”

मी टेबलाशी परत आलो. त्या दिवसापासून मी त्या रकान्यात कुणाचंही ‘हो’ लिहिलं नाही. भरतीचा फॉर्म असो की दरवर्षीच्या तपासणीचा, माणूस समोर यायच्या आधीच मी सगळ्या फॉर्मवर ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’ असं ओळीनं लिहून ठेवायचो. दृष्टिदोष नाही. श्रवणदोष नाही. व्यंग नाही. माणसं येऊन खाली सही करायची. तपासणीला येणारे डॉक्टर नाडी बघायचे, वजन बघायचे आणि माझ्या ‘नाही’खाली शिक्का मारायचे. मला वाटायचं, नववी नापास माणसाच्या हातून होण्यासारखं हे एवढं पुण्य आहे. मी कुणाला सांगितलं नाही, पण मनातून मला त्याचा अभिमान होता.

बरीच वर्षं गेली. माझं लग्न झालं, पोरं झाली. जोशी मॅडम एचआरच्या मुख्य म्हणून आल्या. त्यांनी पहिल्याच महिन्यात मला एक चौकट दिली आणि म्हणाल्या, “खेमराज, हे दर्शनी जागी लावा.” ते कंपनीचं समान संधी धोरण होतं. दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानं प्रत्येक आस्थापनेला ते करावं लागतं आणि सरकारकडं नोंदवावं लागतं. मी स्टूल घेतलं, खिळा ठोकला आणि चौकट टाइम ऑफिसच्या दाराच्या वर, पार छताजवळ लावली. तिथून ती पडणार नव्हती आणि कुणाला वाचताही येणार नव्हती. मीसुद्धा वाचली नाही.

मग मॅडमनी विचारलं, “आपल्याकडे दिव्यांग कर्मचारी किती? रजिस्टर ठेवायचंय.”

मी फायली काढल्या. “एकही नाही, मॅडम.”

“तीनशे माणसांत एकही नाही?”

“सगळे धडधाकट आहेत जी,” मी अभिमानानं सांगितलं. त्यांनी रजिस्टर बंद केलं.

पुढं प्रेस शॉप बदललं. जुने प्रेस गेले, बंद पेटीतले नवे आले, आणि बरीच माणसं इकडंतिकडं हलवली. मामा डिस्पॅचला आले. तिथं माल मोजून खोक्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. शांत जागा. मला वाटलं, म्हातारपणी बरं झालं, कानाला विश्रांती.

दोन महिन्यांत ती घटना घडली. डिस्पॅचला पोपट फोर्कलिफ्ट चालवतो. राहुरीचा, तोंडाचा फटकळ, पण हाताचा नेमका. तो माल उचलून मागं येत होता. मामा त्याच्याकडं पाठ करून चिठ्ठ्या लावत होते. पोपटनं हॉर्न दिला. पुन्हा दिला. “ओ मामा, सरका की!” मामा जागचे हलले नाहीत. पोपटनं जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी मामांपासून हातभर अंतरावर थांबली, वरची खोकी घसरून खाली आली आणि पीस सगळ्या फरशीवर पांगले. खोकं पायाशी येऊन पडलं तेव्हा मामा वळले.

पोपट गाडीवरून उडी मारून खाली आला. “आवं, बहिरं हाय का काय तुमी!”

रागात बोलला, पण बोलून गेला आणि सगळे मामांकडं बघायला लागले. एक जण हळूच मामांच्या पाठीमागं जाऊन त्यांना मोठ्यानं हाक मारून आला. मामांनी मान वळवली नाही.

कंपनीनं त्यांना कानाच्या तपासणीला पाठवलं. कागदावर आलं की दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही. प्रेस शॉपमध्ये ते कुणालाच कळलं नव्हतं, कारण तिथं सगळेच हातांनी बोलायचे. चार दिवसांनी मामांना नोटीस निघाली: दरवर्षीच्या तपासणीत श्रवणदोष नसल्याची खोटी माहिती लिहून दिली, स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घातला, कामावरून कमी का करू नये याचा खुलासा करावा. नोटीस टाइप होऊन माझ्याच टेबलावर आली. पोच घ्यायची होती. सोबत पुरावा म्हणून फॉर्मच्या प्रती होत्या. ‘श्रवणदोष: नाही.’ अक्षर माझं. खाली सही मामांची.

मामांची निवृत्ती दोन वर्षांवर होती. असं काढून टाकलेला माणूस कुठल्याच गेटात पुन्हा जात नाही. आणि मी जर सांगितलं की हे माझं अक्षर आहे, तर माझीही बॅग उचलायची वेळ.

रविवारी भिंगारला गेलो. भात तयार होता. मामा बाहेरच्या खोलीत पाठ करून बसले होते. मामींनी आतून हाक मारली नाही. त्यांनी बटण दाबून बाहेरच्या खोलीतला दिवा दोनदा बंद-चालू केला. मामा उठून जेवायला आले.

हे मी त्या घरात पंधरा-सोळा वर्षं बघत होतो. मला वाटायचं, ही या घरची पद्धत आहे, मामींना ओरडायला आवडत नसेल. तसंच पूर्वी उपासनेत गाणारे मामा गायकांच्या चमूतून का निघाले, घरातल्या टीव्हीचा आवाज एवढा मोठा का, ‘वर बघून बोल’ का, सगळं त्या दिव्याबरोबर एकदम उजळलं. मी हातातला घास ताटात ठेवला.

“मामी, कधीपासून?”

“आधी पाखरांचं गेलं,” मामी म्हणाल्या. “मग कुकरच्या शिट्टीचं. मग माझं. किती सांगितलं, साहेबांना सांगा म्हणून. म्हणाले, सांगितलं की गेटाबाहेर.”

मी मामांसमोर बसलो, वर बघून, सावकाश सांगितलं. “मामा, फॉर्म मी भरले. तुम्ही फक्त सही केली. मी साहेबांना सांगतो.”

“तू गप बस,” मामा म्हणाले. “मला वाचता येत नाही का? ‘नाही’ लिहिलेलं दिसत होतं मला. तू लिहितोस हे बघून मला बरंच वाटायचं. माझी दोन वर्षं राहिलीत, तुझी पोरं शाळेत आहेत. काय होईल ते मी बघतो.” आणि भाताचं भांडं माझ्याकडं सरकवलं.

मी गप्प बसलो. हे लिहायला जड जातं, पण तीन दिवस मी गप्प बसलो.

बुधवारी खुलाशाची बैठक होती. टेबलाच्या त्या बाजूला प्लँटचे मोठे साहेब, शेजारी जोशी मॅडम. या बाजूला मामा. मी फायली घेऊन कडेला उभा. साहेबांनी कागद पुढं केला. “साळवे, ही सही तुमची?”

मामा साहेबांच्या ओठांकडं बघत होते. “माझीच, साहेब.”

“आणि वर लिहिलेलं?”

“ते या पोराचं अक्षर आहे. मीच त्याला सांगितलं, ‘मला ऐकायला येतंय, नाही लिही’ म्हणून. त्याचा काही दोष नाही.”

मामांनी तेव्हा माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला ते टेबल दिसलं, दोन प्रेसमधलं, आणि त्यांच्या छातीवर माझे पाच पीस.

“नाही साहेब,” मी म्हणालो. “त्यांनी सांगितलं नव्हतं. मीच लिहायचो. त्यांचंच नाही, सगळ्यांचं. माणूस यायच्या आधीच.” हे सगळं मी फरशीकडं बघत बोललो. जुनी सवय.

“काय?” साहेब म्हणाले.

मामांना यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांनी फक्त साहेबांचा चेहरा बदललेला बघितला आणि त्यांना वाटलं, साहेब माझ्यावर रागावले. ते मोठ्यानं पुन्हा बोलायला लागले, “पोराला बोलू नका साहेब, मी सांगतोय ना, मीच सांगितलं त्याला!” मी एकीकडून म्हणतोय मी, ते दुसरीकडून म्हणताहेत मी. मॅडमनी हात वर केला. मामा थांबेनात.

मग मी टेबलावरचा तो फॉर्म उचलला, मामांच्या समोर जाऊन उभा राहिलो, आणि वर बघून कागद छातीवर धरला.

मामा बोलता बोलता थांबले. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. मी कागद तसाच धरून ठेवला. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि खुर्चीला पाठ टेकली.

“हे काय चाललंय?” साहेबांनी विचारलं. मी त्यांना प्रेस शॉपची खूण सांगितली. श्रीगोंद्याच्या माणसाचंही सांगितलं. फाइलींमधले तीनशे ‘नाही’ सांगितले. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना.

साहेबांनी मॅडमकडं बघितलं. “म्हणजे खोटं आपल्याच ऑफिसनं लिहिलं?”

“हो सर,” मॅडम म्हणाल्या. “आणि आपल्याच डॉक्टरांनी न तपासता शिक्का मारला. तेव्हा लपवलं हा आरोप टिकत नाही. दुसरं, हे बहिरेपण कुठून आलं? आपल्या प्रेस शॉपमधून. आवाजानं गेलेले कान हा कारखाना कायद्यात कामातून होणारा आजार धरलाय. दर वर्षी यंत्रावर तपासणी करायला हवी होती, ती आपण केली नाही.”

“पण जीव धोक्यात घातला ना?”

“म्हणून आधी बघावं लागतं की थोडी सोय केली तर ते हे काम सुरक्षित करू शकतात का. वाजवी सोय हा कायद्यातलाच शब्द आहे. सरकारी नोकर असते तर नोकरीत असताना आलेल्या अपंगत्वामुळं त्यांना काढताच आलं नसतं. खाजगीत ते कलम थेट लागत नाही, पण भेदभाव करणार नाही, सोय करून देऊ, असं आपणच धोरणात लिहून, सही करून सरकारला दिलंय.” मग त्या माझ्याकडं वळल्या. “खेमराज, ती चौकट कुठं लावलीत?”

“छताजवळ जी.”

त्या हसल्या नाहीत. “काढून आणा.”

मी स्टूल घेऊन गेलो, चौकट काढली, फडक्यानं पुसली आणि चालता चालता पहिल्यांदा वाचली. साध्या मराठीत होती. मला सगळी कळली.

सोय काय करायची यावर साहेबांना प्रश्न पडला. हॉर्न ऐकू येत नाही त्याला काय देणार? मला एकदम भिंगारचं बटण आठवलं. मी म्हणालो, “दिवा लावावा साहेब. मामी घरी तसंच करतात.” आता आमच्या फोर्कलिफ्टच्या पुढं आणि मागं निळा दिवा आहे. गाडी यायच्या आधी फरशीवर निळा ठिपका सरकत येतो. भोंग्याशेजारीही फिरता दिवा बसवला. बसवताना पोपट स्वतः शिडी धरून उभा होता. तो मामांच्या समोर जाऊन, ओठ मोठे करून म्हणाला, “मामा, म्या लई वंगाळ बोललो.” मामांनी मूठ ओठाशी नेली. म्हणजे चहा पाज. त्यानं पाजला.

नोटीस मागं घेतली. मामांचं पद तेच, काम तेच. मला लेखी ताकीद मिळाली, आणि ती मीच पंच करून माझ्या फाइलला लावली. योग्यच होती. मी पुण्य समजून जे लिहीत होतो त्यामुळं किती जणांचे कान, डोळे, गुडघे वेळेवर कुणाच्या नजरेला आले नाहीत, याचा हिशेब मला लागत नाही. ‘हो’ लिहिल्यावर माणसाला गेटाबाहेर काढणं चूक होतं. पण त्यावर माझा उपाय असा, की माणूसच कागदावरून पुसून टाकायचा. श्रीगोंद्याच्या त्या माणसाला मी नंतर शोधला. त्यानं गावात दुसरं काही सुरू केलं होतं. मी सगळं सांगितलं, तर म्हणाला, “आता लई उशीर झाला, दादा.” चहा मात्र पाजला.

मॅडमनी फॉर्म बदलला. ‘दोष आहे काय’ हा रकाना काढला. आता फॉर्ममध्ये विचारतो, ‘काम नीट करता यावं म्हणून काही सोय हवी का?’ आणि उत्तर माणसानं समोर बसून द्यायचं, मी आधी लिहायचं नाही. पहिल्या दिवशी ओळीनं सगळे ‘नाही’. माझ्यापेक्षा त्यांची सवय जुनी. एक जण ‘सोय’ म्हणून दुपारचा दुसरा चहा मागून गेला. मग मामा येऊन बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “लिही होजी, हो. ऐकू येत नाही, समोर येऊन बोलावं.” त्यांच्यामागचा माणूस जरा घुटमळला आणि म्हणाला, “माझा उजवा डोळा...” त्या दिवशी मी नऊ वेळा ‘हो’ लिहिलं. कुणालाही गेटापर्यंत सोडायला जावं लागलं नाही.

मामा येत्या वर्षी निवृत्त होतील. त्यांना माझं गाव बघायचंय. एवढा भात खाणारी माणसं राहतात तरी कुठं, असं मामी विचारतात. मी आलो त्याच गाडीनं दोघांना घेऊन जाणार आहे. माझी आई फार भराभर बोलते, तीही आमच्या झाडीकडच्या बोलीत, मान खाली घालून. मामांना त्यातलं अक्षरही ओठांवरून कळायचं नाही. परक्या गावी, परक्या ओसरीवर, आपल्याला काय म्हणताहेत हे न कळता बसणं कसं असतं ते मला ठाऊक आहे. म्हणून मी दोघांच्या मधे बसेन आणि आईचा शब्दन् शब्द मामांना हातांनी सांगेन. प्रेस शॉपच्या बोलीत नसलेल्या खुणा आतापासून त्यांच्याकडून ठरवून घेतोय. पहिली आम्ही परवाच ठरवली, भात वाढण्याची.